तीन उंच पायऱ्या

इकडे परदेशात, पॉइंट कुक या उपनगरात आमच्या शेजारी एक ग्रीक म्हातारा राहतो. जन्मभर काँक्रीटची कामं केलेला. बोलताना हाताने हवेत थापी फिरवत असतो. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात बसले, तेव्हा याने घरापुढे देवळासारखा व्हरांडा बांधायला घेतला. खाली तीन उंच पायऱ्या, वर चार खांब.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यात घरून काम. खिडकीतून फुकट देखरेख चालायची. एकदा मी कुंपणावरून माप काढलंच. "पायरी मध्ये वर आलीय, कडेला उतरतेय. खांबांनाही पोट सुटलंय."

तो खूश झाला. "मुद्दाम, मेट! सरळ ठेवलं की डोळ्याला खचल्यासारखं दिसतं."

"आणि पायऱ्या एवढ्या उंच कशाला?"

"देवाच्या पायांसाठी."

भेटीला आलेली माझी आई विमानं बंद झाल्याने इकडेच अडकली होती. गुडघे दुखायचे, तरी रोज कुंपणाशी उभी राहून त्याला मराठीत सूचना द्यायची. तो ग्रीकमध्ये भांडायचा.

लॉकडाऊन उठल्यावर त्याने आम्हाला कॉफीला बोलावलं. पाहतो तर प्रत्येक उंच पायरीला मधोमध निम्म्या उंचीची नवी पायरी जोडलेली.

"आमच्या जुन्या देवळांतही माणसांसाठी असंच करायचे," तो म्हणाला आणि आईकडे बघून हवेत थापी फिरवली.

आईने खाली चपला काढल्या, पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि कुणाचाही आधार न घेता वर गेली.

म्हातारा वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.