साखराबाईंची लिसी

साखराबाईंनी वीस हंगाम ऊस तोडला. मग कंबरेनं दगा दिला, तेव्हा त्या चौसाळ्याजवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये फुलं काढायच्या कामाला लागल्या. लिसिअँथस त्यांनी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. गुलाबासारखं, पण बिनकाट्याचं. नाव जिभेवर बसेना, म्हणून त्या नुसतं ‘लिसी’ म्हणू लागल्या. काम सुटलं तेव्हा मालकाकडून उरलेली दीडशे रोपं मागून आणली आणि वडवणीजवळच्या आपल्या घरामागं, हिरव्या जाळीखाली लावली. दोन महिने रोपं वाढतच नव्हती. “ह्ये गवतच हाय बघ,” असं नवरा भागवत रोज म्हणायचा.

मार्चमध्ये जांभळ्या कळ्या धरल्या. शेजारच्या भामाबाईंच्या करिष्माचं लग्न रविवारी होतं. नवरीचा हार, वेणी आणि स्टेजची फुलं आपण देऊ, असा साखराबाईंनी शब्द दिला होता.

गुरुवारी दुपारी वाफ्याच्या मधलं एक झाड मान टाकून उभं दिसलं. भागवत बादली घेऊन धावला.

“अवो, थांबा! पानी घालू नका!”

“आगं, सुकलंय ते.”

“माती वलीच हाय की. मग कावून सुकलं?”

त्यांनी झाड उपटलं, बुडाजवळ ब्लेडनं खोड उभं चिरलं. आत तपकिरी रेघ होती. साखराबाईंनी ती ओळखली. पॉलिहाऊसमध्ये अशीच रेघ त्यांनी पाहिली होती. मर रोग. तो पाण्याबरोबर मुळामुळानं सरकतो. तिथं आठवड्यात अख्खी ओळ गेली होती.

त्यांनी ठिबकचा कॉक बंद केला. मग त्या झाडाच्या चहूबाजूची सतरा झाडं उपटायला लागल्या. चांगली, हिरवीगार, कळ्यांनी लवलेली.

“डोकं फिरलं का तुझं?” भागवतनं हात धरला. “चांगली झाडं हायत ती!”

“आज चांगली हायत. सोडा हात.”

उपटलेली झाडं मातीसकट पोत्यात भरून त्यांनी पार बांधाबाहेर नेऊन जाळली. पण पाण्याशिवाय बाकीची त्या उन्हात तगणार नव्हती. त्यांनी साबणानं हात घासले आणि लांबच्या टोकापासून मगानं एकेका झाडाला बेतानं पाणी दिलं. तिथली माती पायाला लागून इकडं येऊ नये, म्हणून मोकळ्या जागेकडं जाताना पाय जपून ठेवत होत्या.

शुक्रवारी सकाळी मोकळ्या जागेच्या पलीकडची दोन झाडं वाकली. दहापर्यंत पाच झाली.

आता थांबून उपयोग नव्हता. रंग चढलेली कळी पाण्यात उमलते, हिरवी उमलत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आधी निरोगी टोकाची आणि मग पुढची, रंग धरलेली प्रत्येक काडी कापली. खिडकीला ओलं पोतं लावून धान्याच्या खोलीत बादल्या मांडल्या. हिरव्या कळ्यांची झाडं तशीच मागं सोडली.

शनिवारी भामाबाई आल्या. बादल्यांकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. “साखराबाई, ह्या तर मिटल्याल्या हायत! उद्या पाव्हने येत्याल. आधी सांगितलं असतं तर बीडहून मागवली असती.”

“उद्या सकाळपतूर थांबा,” साखराबाई म्हणाल्या. उमलतीलच, हे त्यांना छातीठोक सांगता आलं नाही. भामाबाई गेल्या, आणि थोड्याच वेळात त्यांचा दीर मोटारसायकलवर बीडकडं जाताना दिसला.

 त्या दिवशी साखराबाई दर तासाला जाऊन पोतं भिजवत, देठांची टोकं पुन्हा तिरपी कापत. संध्याकाळी एका काडीवर पाकळ्यांचा पीळ सैल झालेला दिसला. एकच.

रविवारी उजाडताच दार उघडलं. निम्म्या कळ्या उमलल्या होत्या. रंग वाफ्यातल्यापेक्षा फिका, पण ताजा. स्टेजला पुरण्याइतकी फुलं नव्हतीच. तिथं बीडचा झेंडू लागला. हार आणि वेणी मात्र पुरी झाली. करिष्मानं वेणी हातात घेतली आणि विचारलं, “मावशी, रडताय व्हय?”

“न्हाई गं. खाली बस, माळते.”

दहा दिवसांत वाफा पुरता वाळला. साखराबाईंनी एक झाडही शिल्लक ठेवलं नाही. त्या मातीत पुन्हा लिसी लावायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. मग एका सकाळी भागवत न सांगता तेलगावच्या बाजूला गेला आणि टेम्पोत दुसरी माती भरून आला.

“ही कुठं टाकू?” त्यानं विचारलं.

साखराबाईंनी घराच्या दुसऱ्या अंगाची सावली पायांनी मापली आणि त्याला जागा दाखवली.