सुरीची आंघोळ आणि कसब्यापर्यंतची पायपीट

त्या सकाळी मी आबांच्या सुरीला आंघोळ घातली. बादलीत पाणी, त्यात गोमूत्र आणि तुळशीची पानं. तासभर बुडवून ठेवली आणि मग गच्चीवर कडक उन्हात वाळत टाकली. चुकून नव्हे, नीट विचार करून. त्या विचाराचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे. तुमच्या घरी चामड्याच्या मुठीची सुरी असेल तर निदान तुम्ही तरी असं करू नका.

आबा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. पलटणीत स्वयंपाकी होते. तिथून परतताना ही सुरी घेऊन आले. मुठीत चामड्याच्या गोल चकत्या एकीला एक लावून ओवलेल्या आणि मागच्या टोकाला नटानं आवळलेल्या. आबांच्या तळहातानं ती मूठ काळी, गुळगुळीत झाली होती. दर खंडेनवमीला विळा, पाना, पक्कड यांच्याबरोबर ती देवापुढे मांडायची, हा घरचा रिवाज.

गेल्या वर्षी पूजेला दाजी आले, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुरीकडे बघून म्हणाले, "देवापुढं चामडं?" मी एक शब्द न बोलता सुरी उचलली आणि चपलांच्या कपाटात ठेवली. आबा पाटावर बसून बघत होते. त्या दिवसापासून त्यांनी सुरीला हात लावला नाही. पेरू कापायलासुद्धा प्लास्टिकच्या मुठीची मागतात.

यंदा सुरी शुद्ध करून मांडायची, म्हणजे दाजींचंही मन राहील आणि आबांचंही, असा माझा बेत. चार दिवसांत चकत्या आधी फुगल्या, मग आक्रसल्या. फटींतून नख जाऊ लागलं. मूठ हातात खुळखुळायला लागली. नवमी आठवड्यावर आलेली.

मूठ नीट करून घ्यायला लोणी काळभोरहून पुण्याची सकाळची बस धरली. हडपसरला गाड्या तुंबलेल्या असतातच. तुम्ही जाणार असाल तर आठच्या आत निघा. स्वारगेटला उतरल्यावर वाटलं, मेट्रोनं थेट मंडईत जाऊ. तपासणीच्या यंत्रात पिशवी गेली आणि तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं.

"काका, सुरी घेऊन कुठं निघालात?"

"दुरुस्तीला."

"कुणाच्या?"

मागची रांग हसली. बाईंचं काही चुकलं नव्हतं, सुरी मेट्रोत नेताच येत नाही. माझाच चेहरा असा होता की कुणालाही शंका यावी. मग शिवाजी रस्त्यानं मंडईपर्यंत पायी गेलो, मनातल्या मनात दाजींशी भांडत. वाटेत एक चहा घेतला, तोही भांडतच प्यायलो. मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानदारानं सुरी हातातही घेतली नाही. "टाकून द्या. फायबरची न्या, ती धुता येते," म्हणाला. शेवटचे तीन शब्द मला फार लागले. पण कसब्यातल्या बापूंचा पत्ता त्यानंच दिला.

बापू सत्तरीचे. पूर्वी घोड्यांची जिनं शिवायचे. आता ढोलपथकांचे पट्टे करतात आणि पखवाजाच्या वाद्या, म्हणजे पुडी, तोंडावरचं कातडं, ताणून धरणारे चामड्याचे पट्टे, बदलतात. दुकान एका माणसापुरतं. मूठ दाबून त्यांनी मी हिचं काय केलं ते विचारलं. मी सांगितलं.

"अस्सं. साबण कोणता लावलात?"

"साबण नाही लावला."

"उटणं राहिलं म्हणायचं." आणि ते नट सोडवू लागले. दोन चकत्या बाद होत्या. नव्या घालून मूठ पुन्हा आवळायला दोन तास लागतील म्हणाले. "नुसते बसू नका. हा पखवाज देवळात पोचवा, पलीकडच्याच गल्लीत. संध्याकाळी भजन आहे."

पखवाज खांद्यावर घेऊन गेलो. पुजाऱ्यांनी तो माझ्या हातातून घेतला, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी ठेवला आणि दोन्ही तोंडांना कुंकू लावलं. दोन्ही तोंडं चामड्याची. वाद्या कोऱ्या चामड्याच्या, वास अजून येत होता. पुजाऱ्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

मी हात जोडले, पण मान वर होईना. गावच्या सप्ताहात पखवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो. पन्नाशीला आलो. आणि दाजींच्या दोन शब्दांपुढे मला हे आठवलं नाही? आठवलं नाही असं नाही. बोलायची हिंमत नव्हती. दिवसभर दाजींवर काढलेला राग तिथं माझ्याकडे वळला, आणि तो जास्त खरा होता.

परतलो तेव्हा बापू मुठीवरून बारीक पॉलिश पेपर फिरवत होते. मग मधमाशांचं मेण आणि किंचित तेल एकत्र वितळवून केलेलं मलम बोटावर घेऊन चोळलं. चामडं जेवढं पिईल तेवढंच द्यायचं, बापू सांगत होते. तेल जास्त झालं की चकत्या मऊ पडून सैल होतात. उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसायचं. पाणी नको, ऊन नको. ओली झालीच तर सावलीत वाळवायची. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवायची नाही, ओल धरून पातं गंजतं. मलमाची डबी धरून तीनशे रुपये झाले.

नवमीला सुरी धुतली नाही. तळहातानं मूठ चोळली आणि विळ्याच्या शेजारी, देवाच्या बरोबर समोर मांडली. दाजी आले, बघितलं आणि म्हणाले, "यंदाही?"

"हो, यंदाही. ती तिथंच राहील, दाजी. आपल्याला चालत नसेल तर आपण ओसरीवर बसा. प्रसाद तिथं आणून देतो."

माझा आवाज चढला होता. बहीण माझ्याकडे बघत राहिली. दाजी ओसरीवर गेले आणि आरती संपेपर्यंत आत आले नाहीत. वाईट वाटलं, पण राग निवला नाही. माझ्यावरचा तर नाहीच.

आरतीनंतर आबांनी सुरी उचलली. अंगठा मुठीवरून दोनदा फिरवला.

"घट्ट हाय," म्हणाले. आणि प्रसादाचे पेरू कापायला बसले. दाजींच्या वाटीतल्या फोडीही त्यांनीच कापल्या.

दुसऱ्या दिवशी मी देवघराच्या खालच्या फळीवर जागा केली. सुरी आता तिथं असते, मेणाची डबी शेजारी. चपलांच्या कपाटात पुन्हा जाणार नाही.