काकांचा पक्षपात

सांता क्लाराला आमच्या शेजारचे काका अमेरिकन नागरिक झाले आणि लगेच त्यांना ज्युरीचं बोलावणं आलं. मारहाणीचा खटला होता, तोही एका गाजलेल्या नटावर. त्याचे सिनेमे काका-काकू दर शनिवारी आणून बघायचे.

कोर्टात ज्युरी निवडताना न्यायाधीशांनी प्रत्येकाला विचारलं, "निःपक्षपाती राहू शकाल?" बाकीचे पटापट 'हो' म्हणाले. काकांनी मात्र आमच्या गणपतीतली मोदकस्पर्धा सांगितली. ताटांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते. परीक्षक काका. कळ्यांवरून त्यांनी काकूंचे मोदक ओळखले आणि डोळे मिटून पहिला नंबर देऊन टाकला. ते निघाले माझे! मी काकूंकडूनच शिकले होते ना.

"म्हणजे मी पक्षपात करतो," काका म्हणाले, "आणि तोही मला धड जमत नाही."

न्यायाधीश हसले आणि त्यांनी काकांना घरी पाठवलं.

काकू भडकल्या. "भर कोर्टात हे सांगायचं काय नडलं होतं?" असं म्हणत त्यांनी काकांच्या आवडीची भरली वांगी केली.

मला राग आला तो त्या 'हो'वाल्यांचा. ज्युरीत शेवटी त्यांच्यातलेच बारा जण बसले. घरच्या माणसाच्या मोदकांना नंबर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नसावी.