डावी टाच

१९७४ची रामनवमी, खिशात पाच रुपये, सोबत पत्नी. सक्करदऱ्याच्या नव्या संगमरवरी मंदिराबाहेर चपला सांभाळणारा गृहस्थ बिल्ले देत नसे. नेहमीच्या माणसांच्या चपला त्याला पाठ होत्या. तो बोलताना तोंडाकडे नव्हे, पायांकडे पाही.

त्या दिवशी माझी चप्पल नवी होती, अठरा रुपयांची. दर्शनानंतर ती मागितली.

"तुमची तं अंगठा शिवलेली हाये. दुसऱ्याची काहून मागून राहिले, साहेब?"

"अहो, ही यांचीच आहे," पत्नी म्हणाली.

"बाई, घरची गवाही चालत नाही. साहेब, घाला अन् चार पावलं चाला."

रांगेसमोर मी चाललो.

"डावी टाच घासता. तुमचीच."

दोन जोडांचे वीस पैसे त्याला दिले. दुसऱ्या दिवशी डाव्या टाचेखाली टायरचा तुकडा ठोकायला मोच्याला पन्नास.