ओयजमाल आणि झोपलेली खरबुजं

ओयजमाल नवी नवरी म्हणून त्या घरात आली, तेव्हाच तिने सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं. मुद्दाम नाही हो. ती बोरूच्या कुडामागे तोंड झाकून बसलेली, आणि बाहेर ओट्यावरची दोघं तिला पार विसरून गेलेली.

"सकाळी निघालात," सासूबाई म्हणत होत्या. "माझ्या रोट्या झाल्या, तंदूर विझला, गाईची धार काढून झाली, आणि तुम्ही आत्ता उगवताय. शेत आहे कुठे? कालव्यापलीकडे! रांगतं पोरसुद्धा तुमच्याआधी पोचलं असतं."

"रांगत्या पोराच्या मागे खरबुजांचा गाडा नसतो," सासरे म्हणाले.

"म्हणून काय गाढवाला खांद्यावर घेऊन आलात?"

"अगं, खरबुजं झोपलीत. ती झोपेतच आणायची असतात. रस्त्यात दचकून उठली, की वरून दिसतात छान आणि आतून सडत बसतात."

"मला माहेरून आणलंत तेव्हा बरं धाडधाड आणलंत!"

"म्हणून तर अजून झोपली नाहीस."

कुडामागे ओयजमालने पदर तोंडात कोंबला. हसू आवरल्यावर मात्र तिने मनाशी पक्कं केलं, की या घरात कुणीतरी पाय उचलायला हवेत, नाहीतर सगळ्यांचं जेवण दुसऱ्या दिवसावर जाईल.

आणि उचलले तिने. असे उचलले, की आमच्या कालव्याकाठी तिला कुणी चालताना पाहिलं नाही, फक्त गेलेलं पाहिलं. ती चहा ओतायची तो प्याल्याइतकाच सतरंजीवर पडायचा. तंदुरातली रोटी तिच्या हातात एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने गरम असायची. कुणाच्या मयताला गेली तर रडून, भांडी घासून, परत येऊन गाईला चारा घातलेला असायचा, आणि बाकीच्या बायका अजून उंबऱ्यात चपला शोधत असायच्या. शेजारची बीकाजान म्हणायची, "ओयजमाल, अगं जरा थांब, तुझी सावली मागे राहिली बघ."

"येईल तिची ती," ओयजमाल म्हणायची. तोवर ती पुढच्या वळणावर असायची.

नवरा मिळाला तो मतयाकूब. बापाच्या वरताण. एक प्याला चहा पिताना तो मधे एकदा दम खायचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने बायकोला "बरी आहेस ना?" असं विचारलं, तेव्हा थोरली मुलगी दात पाडून बसली होती, असं ओयजमाल सांगायची. त्यात थोडा मीठमसाला धरा. पण थोडाच.

बापामागे खरबुजांचं काम त्याच्याकडे आलं. त्यांचं वाण होतं करी-किझ, म्हणजे लग्नावाचून म्हातारी झालेली पोर. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण बरोबर ठेवलं. शेतात तोडाल तेव्हा ती काकडीसारखी फिकी आणि दगडासारखी कडक. उन्हाळा सरला, कालव्याचं पाणी उतरलं, पहाटे अंगावर काटा यायला लागला, की ती तोडायची. मग शेतातच ठेवून रोज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायची. मग पेंढ्यावर निजवून गाढवाच्या चालीने घरी. तिथे मातीच्या खोलीत, लव्हाळ्याच्या शिंक्यांत आढ्याला टांगून ठेवायची. अंधारात, गारव्यात ती हिवाळाभर विचार करते आणि नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाला, कापावी तर अशी गोड, की ओठ ओठाला चिकटतात. बी धरायचं तेही त्याच फळाचं, जे वसंतापर्यंत नासलं नाही. बाकी गावाने केव्हाच बाजारातली लवकर पिकणारी वाणं लावली होती. करी-किझ उरली होती ती या एका घरात.

ओयजमालला ते सगळं बघवत नसे. आणि एका वर्षी तिला संधी मिळाली. ऐन तोडणीत मतयाकूब बहिणीकडे लग्नाला गेला. ओयजमालने पुतण्याला, दावलतला, ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. कालव्याच्या खडबडीत रस्त्यावरून ट्रॉली नाचत नाचत आली. सगळं वावर एका खेपेत घरात! एका खरबुजाला ट्रॉलीत जागा उरली नव्हती, म्हणून ते तिने पुढे बसून मांडीवर धरलं. शिंकीसुद्धा तिने त्याच संध्याकाळी टांगून टाकली.

मतयाकूब परतला. त्याने आढ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"हात आहेत मला," ओयजमाल छाती पुढे काढून म्हणाली.

"दिसतंय," तो म्हणाला, आणि चहाला बसला.

हिवाळ्याच्या मध्यावर आढ्यातून टपटप सुरू झाली. एकेक खरबूज वरून पिवळंधमक, डाग नाही, आणि आत नुसतं आंबट पाणी. ओयजमाल बादल्या भरभरून बाहेर टाकत होती आणि त्या वेळी मात्र तिचे पाय उचलत नव्हते. वसंताला एकच फळ धड निघालं. कुठलं? जे मांडीवर आलं होतं ते. त्याचं बी मतयाकूबने फडक्यावर वाळवलं. बायकोला बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "बापाकडून आलेलं आता एवढंच आहे."

त्या बियांचं एक छोटं वावर झालं. हीही फळं नासली, की मामंजींचं वाण संपलं. हे ओयजमालला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि उन्हाळा संपता संपता मतयाकूब खरबूजघराच्या धाब्यावरून पडला. माती लिंपायला चढला होता. बीकाजानने कुंपणापलीकडून पाहिलं. ती अजून शपथेवर सांगते, "इतका सावकाश पडला, की मी हातातली टोपली ठेवून झेलायला गेले असते, पण म्हटलं, एवढ्या निवांत चाललाय, कशाला मधे पडा!" मांडीचं हाड मोडलं. वसंतापर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही.

"मग खरबुजं?" ओयजमालने विचारलं.

मतयाकूबने प्याल्यातला चहा संपवला. "तू आहेस ना."

"मी?"

"हात आहेत तुला."

आता ओयजमालला सावकाश होणं शिकायचं होतं, आणि तिने तेही घाईने शिकायला घेतलं. पहिल्याच दिवशी शेतातली सगळी खरबुजं तिने सकाळी एका कुशीवर आणि दुपारी परत पहिल्या कुशीवर केली. घरी येऊन म्हणाली, "झालं. दोन दिवसांचं काम एका दिवसात."

"म्हणजे काहीच नाही झालं," मतयाकूब म्हणाला. "उद्या परत जा. फळ फिरव आणि शेजारी बसून राहा."

"बसून काय करू?"

"बस."

गेली. बसली. सुरुवातीला बसल्या जागी तिने आसपासचं सगळं तण उपटून टाकलं. मग तण संपलं. मग तिला दिसलं, की कालव्याकाठच्या तुतीची एकच फांदी पिवळी झालीय, आणि ते पिवळेपण रोज थोडं पुढे सरकतं. पलीकडे भात कापणाऱ्या बायकांचं बोलणं सकाळच्या गार हवेत पाण्यावरून जसंच्या तसं ऐकू येतं, हेही तिला या वयात कळलं. त्या तिच्याबद्दलच बोलत होत्या, ते सोडा.

वाहतुकीचा दिवस आला तेव्हा गाढवाने तिला वठणीवर आणलं. ते मतयाकूबच्या हातचं. ती ओढायची, तर ते थांबायचं. ती ओरडायची, तर ते कान पाडून कालव्याकडे बघत बसायचं. शेवटी ती गप्प झाली आणि त्याच्या बाजूने त्याच्या पावलाने चालू लागली. गावात हां हां म्हणता बातमी पसरली. एकेक जण फाटकाशी येऊन उभा राहिला.

"ओयजमालकाकी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"पाय दुखतात का?"

"तुझी जीभ दुखेल आता."

बीकाजान कुंपणावर हात टेकून म्हणाली, "अगं, किती वर्षांनी तुझं तोंड नीट बघतेय. गालावर तीळ आहे की तुझ्या! कधीपासून?"

"जन्मल्यापासून," ओयजमाल म्हणाली, आणि वेग वाढवायला पाऊल उचललं. गाढव थांबलं. तिने पाऊल परत ठेवलं.

सकाळच्या गारव्यात एकच खेप व्हायची. अर्धं वावर घरी आलं आणि एका दुपारी वारा फिरला. उत्तरेकडून आला तो दातांत शिरणारा. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. आमच्याकडे त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. आज दहिवर गोठणार, आणि शेतात उघडी राहिलेली खरबुजं काळी पडणार.

दावलत ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी हजर. "काकी, बसा. चहा उकळायच्या आत सगळी घरी आणतो. हळू चालवीन, देवाशप्पथ."

ओयजमालचे पाय शिवशिवले. सगळं अंग म्हणत होतं, बस, चल, उरक. ती ओट्याकडे धावली. "अहो, सांगा ना काय करू?"

मतयाकूब खूप वेळ वाऱ्याकडे पाहत राहिला. "मी काय सांगू. मी इथे आहे, फळं तिथे आहेत."

"तुम्ही आयुष्यात एकदा तरी पटकन बोलाल का हो?"

"नाही जमत," तो म्हणाला, आणि तिच्याकडे असं बघितलं, की तिला त्याच्या पोटातली भीती दिसली. तोही घाबरला होता. फक्त सावकाश.

ओयजमाल उभी राहिली. तिला ते टपटप आठवलं, आणि मांडीवरचं एक फळ आठवलं. ती आत गेली आणि घरातल्या सगळ्या रजया काढल्या. लेकीच्या लग्नासाठी भरलेल्या, स्वतःच्या लग्नातल्या, सासूबाईंच्या हातच्या, सगळ्या. मतयाकूबच्या पायावरचीसुद्धा ओढली.

"अगं, ही माझी!"

"कोट घाला."

रजया मात्र दावलतच्या ट्रॉलीत टाकल्या. "त्यांना कितीही हादरव," ती म्हणाली. "त्या जाग्याच आहेत." शेतात जाऊन तिने एकेका खरबुजाला पांघरूण घातलं आणि कडा मातीने दाबल्या. हे सगळं तिने सावकाश केलं, आणि ते आपण करतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही. त्या रात्री नवरा-बायको कोट, टोप्या घालून पाठीला पाठ लावून कुडकुडली. सकाळी सगळं शिवार पांढरं, आणि मधे फुलाफुलांच्या रेशमी रजयांचं वावर. भात झोडायचं सोडून गाव बघायला आलं. अजूनही आमच्याकडे कुणी फार लाड करून घ्यायला लागला, की विचारतात, तू काय ओयजमालचं खरबूज आहेस?

उरलेली फळं गाढवाच्या चालीने घरी आली. हिवाळाभर ती खरबूजघरात जाऊन नुसती उभी राहायची, हात पाठीशी बांधून. कान आढ्याकडे. टपटप नाही. एकदाच वाजलं, तेव्हा तिने शिंकं न् शिंकं चाचपलं, पण ते धाब्यावरचं बर्फ वितळत होतं. नवऱ्याने लिंपता लिंपता सोडलेल्या भोकातून.

नवरोजला मतयाकूब काठी टेकत आत आला आणि सुरी तिच्या हातात दिली. तिने कापलं. पहिलं फळ नासकं. ओयजमालने डोळे मिटले.

"ते कुठलं?" त्याने विचारलं.

"पहिल्या खेपेतलं. शिंकं घाईत बांधलं होतं."

दुसरं कापलं. खोलीभर वास पसरला. मतयाकूबने फोड तोंडात घातली आणि चावत राहिला, चावत राहिला. ओयजमाल वाट पाहत उभी राहिली. तिने त्याला "बोला ना" असं म्हटलं नाही.

"बाबांसारखं," तो म्हणाला.

तिने बी धुतलं, फडक्यावर पसरलं, आणि पुढच्या वर्षी बीकाजानच्या वावरातही ते रुजलं. मतयाकूबचं हाड जुळलं, पण गाडा मात्र पुढे ओयजमालकडेच राहिला. त्यानेही मागितला नाही, तिनेही दिला नाही.

मतयाकूब गेला त्यानंतरच्या वसंतात ओयजमालने आढ्यावरचं शेवटचं खरबूज उतरवलं आणि गाड्यातल्या पेंढ्यावर निजवलं. बीकाजान अंथरुणाला खिळली होती, तिच्यासाठी. कालव्यात नवं पाणी सोडलं होतं. दोघींच्या घरांच्या मधे एक कुंपण आणि रस्त्याचं एक वळण. ती सकाळी निघाली.

"खिडकीतून बघत होते," बीकाजान उशीवरून म्हणाली. "तू वळणावर दिसलीस तेव्हा चहा टाकायला सांगितला. तो झाला, मुरला, आणि सुनेने दुसरा केला."

"खरबूज झोपलंय," ओयजमाल म्हणाली.

"आणि तू?"

"मी जागी आहे."

दोघींनी एकेक फोड खाल्ली. बी फडक्यात बांधून ओयजमालने ते बीकाजानच्या सुनेच्या हातात दिलं, कुठे वाळवायचं ते सांगितलं, आणि रिकामा गाडा घेऊन परत निघाली. ती तिची शेवटची फेरी. गाड्यात काहीच नव्हतं, तरी गाढव आपल्याच चालीने चाललं, आणि ती त्याच्या बाजूने, त्याच्याच पावलाने.