पत्र्यावरची चुंबळ

माझ्या आईला एका जागी बसून राहता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण यंदा थंडी सुरू व्हायच्या सुमाराला तिने जी उठबस लावली, त्यापायी माझं डोकं फिरायची वेळ आली. भाजी निवडायला बसायची, चार शेंगा सोलून उठायची, मागच्या दारापर्यंत जायची, न्हाणीच्या पत्र्याकडे बघायची आणि परत यायची. मी म्हणायची, आई, बस वं जरा, तुले पाहून मले चक्कर येऊन राहिली. ती हो म्हणायची आणि पुन्हा उठायची.

पत्र्यावर काही नव्हतं. जुन्या लुगड्याची एक चुंबळ होती, बस. सणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्या चुंबळीवर एक कोहळं होतं.

आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. जो तो आपल्या घरचं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो. लिंबं, संत्री, अंडी, कढीपत्त्याची जुडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा, तो तर नेमका प्रार्थनेच्या वेळी बांग देतो. उपासना संपली की आवारात सगळ्याचा लिलाव होतो आणि एरवी भाजीवालीशी हुज्जत घालणारी माणसं एका दोडक्यासाठी इरेला पेटतात. आमच्या घरचा नियम असा की विकतचं न्यायचं नाही, आपल्या मातीत आलं तेच द्यायचं. नियम बाबांचा होता आणि मातीत हातही तेच घालायचे. उन्हाळ्यात बाबा गेले, आणि यंदा अंगणात कोरफड सोडून काही उगवलं नाही. मी म्हटलं, जरीपटक्याच्या बाजारातून चांगली पपई आणू, देव काय पावती मागतो? आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गुमान चपला घालून कंपनीच्या बसला निघाले.

शेजारच्या मावशींची आणि आमची भिंत एक. ते बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. रविवारी त्या विहारातून आणि आई चर्चमधून परतली की दोघी फाटकात उभ्या राहून, तुमच्याकडे आज किती लांबवलं, म्हणून एकमेकींना चिडवणार. बाबा गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटेपर्यंत डबा त्यांच्याच घरून येत होता. त्यांच्या कोहळ्याचा वेल यंदा भिंत ओलांडून आमच्या न्हाणीवर चढला आणि तिथे त्याला एक फळ धरलं. तापल्या पत्र्याने ते भाजू नये म्हणून मावशी स्वतः स्टुलावर चढून त्याच्याखाली चुंबळ सरकवून गेल्या होत्या. ते स्टूल आईने धरलं होतं. म्हणजे कोहळं कोणाचं, ह्याबद्दल कोणाला शंका असायचं काही कारण नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी मी हिंगण्याच्या कंपनीतून घरी आले तर कोहळं आमच्या ओट्यावर, पुसून लखलखीत केलेलं. मावशी गावी लग्नाला गेल्या होत्या. मी विचारायच्या आधीच आई सुरू झाली. आपल्या पत्र्यावर वाढलं, आपल्या न्हाणीचं पाणी प्यायलं, आल्या की सांगीन, त्या काय नाही म्हणणार आहेत? त्या नाही म्हणाल्या नसत्या, हे अगदी खरं होतं. आईला रिकाम्या हाताने त्या वेदीपुढे जायचं नव्हतं, बाबांच्या माघारी पहिल्याच वर्षी तर नाहीच. हे मलाही कळत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

लिलावात बाबांच्या आठवणीने लोकांनी कोहळ्याची बोली चढवत नेली. शेवटी ते पाळकांच्या बायकोने, आमच्या पाळकबाईंनी, घेतलं आणि त्याची गोड बोंडं तळून आमच्याकडेही ताटलीभर पाठवली. आईने एक खाल्लं. चांगली झाली आहेत, म्हणाली.

मावशी परत आल्या त्या भिंतीवरूनच ओरडत. ते कोहळं त्यांनी बियांसाठी राखलं होतं. त्यांच्या आईच्या गावचं वाण, वेलावरची बाकीची फळं माकडांनी फोडली, हे एकच उरलं होतं. आणि ते कोणी नेलं हेही त्यांनी रिकामी चुंबळ पाहता पाहताच ठरवलं होतं: सुनेने. आपण घरात नाही असं पाहून सुनेने ते माहेरी, भावाच्या घरी पोचतं केलं. तो भाऊ कळमन्याच्या बाजारात भाजीचाच धंदा करतो, त्याला कोहळ्याचं काय अप्रूप, पण रागावलेल्या सासूला हे कोण सांगणार. तुम्ही पाहिलं का हो काही, असं त्यांनी आईला सरळ विचारलं. आईने तोंड उघडलं आणि म्हणाली, "चहा घेता का?"

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. मावशी सुनेला चोर म्हणाल्या. सून एवढंच म्हणत होती की मी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन माहेरी निघून गेली आणि मावशींच्या घरात रेडिओसुद्धा लागेना.

आईची उठबस सुरू झाली ती तेव्हापासून. मी तिला म्हटलं, गप्प राहा. त्यांचं भांडण जुनं आहे, कोहळं नसतं तर कढईवरून झालं असतं. आता सांगशील तर तुझीच शोभा होईल, आणि मावशींना रोज तोंड दाखवायचं आहे. मी हे अगदी मनापासून म्हणत होते. मला माझी आई हवी होती, ताठ मानेची, रविवारी इस्त्रीची साडी नेसून फाटकात थट्टा करणारी. ती कोणापुढे मान खाली घालून उभी आहे, हे चित्रच मला सहन होत नव्हतं.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. पाळक त्या दिवशी बोलले ते नियमशास्त्र मनावर लिहिलेलं असण्याबद्दल. ज्यांना देवाच्या आज्ञा कोणी वाचून दाखवल्या नाहीत, त्यांच्याही अंतःकरणावर त्या लिहिलेल्या असतात आणि आतूनच साक्ष निघते, कधी दोष लावणारी, कधी बाजू घेणारी. मी मनात म्हटलं, झालं, आता आईचं काही खरं नाही. भाकर आणि प्याला घ्यायला आमची ओळ उठली, आणि आई बसून राहिली. मन साफ नसेल तर उठायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. सगळ्यांना दिसतं कोण बसलं ते. मागच्या बाकावरच्या बाई वाकून मला विचारू लागल्या, तब्येत बरी नाही का यांची? मी हो म्हणाले आणि घाईने ओळीत शिरले.

बाहेर पडल्या पडल्या मी तिच्यावर उखडले. एका कोहळ्यासाठी एवढा तमाशा? लोकांनी काय समजायचं? तिने सगळं ऐकून घेतलं.

"दहाच्या दहा आज्ञा मले पाठ आहेत," ती म्हणाली. "पाठ असून मी चहा विचारला वं."

तिथून ती तडक पाळकबाईंकडे गेली, मी मागे मागे. बिया आहेत का, विचारलं. पाळकबाईंनी सोलून खायला म्हणून त्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या. आईने मूठभर मागून घेतल्या, रुमालात बांधल्या, आणि घरी येऊन साडीही न बदलता मावशींच्या दारात उभी राहिली. मला वाटलं होतं ती प्रस्तावना करेल. तिने रुमाल पुढे केला आणि म्हणाली, कोहळं मी तोडलं.

मावशी पायरीवर बसल्या. बिया बोटाने चाळवत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मागितलं असतं तर मीच तोडून दिलं असतं," त्या म्हणाल्या. मग रुमाल बाजूला ठेवला. "पण आता मले काहून सांगता? चोर तर मी त्या पोरीले म्हटलं."

आम्ही तिघी ऑटोत बसून कळमन्याला गेलो. वाटभर आईचा पाय सारखा हलत होता. सुनेच्या भावाच्या घरापुढे कांद्याची पोती रचलेली होती. सून दारातच भेटली. मावशींना पाहून तिने पदर सावरला, पण आत या म्हणाली नाही. आई बोलायला लागली आणि निम्म्यातच अडकली, तेव्हा तीच म्हणाली, "मी पाहिलं होतं काकू. गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली होती."

मग सांगितलं का नाहीस, मी जवळजवळ रागानेच विचारलं.

"सांगितलं असतं तर सासूबाई तुमच्या दारात येऊन भांडल्या असत्या," ती म्हणाली. "काकांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. वाटलं, काकूच सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. मी वाट पाहून राहिली होती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दमलेली वाटली, इतकंच. मावशींनी तिचा हात धरला, तो तिने लगेच सोडवला नाही, पण लगेच निघालीही नाही. दोन दिवसांनी आली. लेकीची शाळा बुडत होती म्हणून आली, असं तिने मला स्वतः बजावून सांगितलं. सासूशी कामापुरतं बोलते. बिया मावशींनी कागदात बांधून ठेवल्या आहेत.

पुढच्या प्रभुभोजनाला आमची ओळ उठली तेव्हा आई उठली. मी मनात म्हटलं, एकदाची शांत झाली बाई, आता घरी जाऊन निवांत वरण-भात खाऊ. ती परत येऊन माझ्या शेजारी बसली, आणि थोड्या वेळाने बघते तर तिचा पाय हलत होता. मी कानाशी लागून विचारलं, आता काय झालं? सगळं सांगून झालं, माफी मागून झाली, देवाने माफही केलं.

"त्यानं केलं असंल," आई म्हणाली. "पण ते पोरगी वाट पाहून राहिली होती ना वं."