नानांचा घास आणि गिरणीचे पाणी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या थोरल्या मामांचे. सगळे त्यांना नाना म्हणत. धुळ्याबाहेर कापडगिरणीचा नाला त्यांच्या शेताला लागून वाहायचा. पांझरा नदी आटली तरी तो आटत नसे, म्हणून भर उन्हाळ्यात नानांकडे हिरवागार लसूणघास असे. टांगेवाले तो घोड्यांसाठी नेत आणि त्याच पैशावर मी बी.एस्सी. झालो. "घोड्याले घास, भाचा पास!" असे टांगेवाले मला पाहून ओरडत. मला कधी राग आला नाही. खरेच होते ते.

पुढे त्याच गिरणीच्या रंगखात्यात मला केमिस्टची नोकरी लागली. रंगवलेले कापड तीनदा धुवायचे आणि सगळे पाणी नाल्यात सोडायचे, अशी रीत होती. काठच्या विहिरींत रंग उतरू लागला होता. नानांच्या वस्तीवरच्या बाया प्यायचे पाणी लांबच्या मळ्यातून आणत. शिवाय अलीकडे वैशाखात गिरणीचीच विहीर तळ गाठी आणि रंगखाते काही दिवस बंद ठेवावे लागे. मी मॅनेजरसाहेबांना सुचवले, शेवटच्या धुण्याचे पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला वापरू, गडद पाणी हौदात चुन्याने निवळून पुन्हा वापरू. हौद, पंप, चुना आणि साचलेला गाळ वाहून न्यायची गाडी, एवढा खर्च होता.

"खाते बंद ठेवण्यापेक्षा स्वस्तच पडेल," साहेब म्हणाले. "मांडा हिशेब."

हिशेब मांडताना ध्यानात आले की नाला कोरडा पडणार. कागद साहेबांना देण्याआधी मी नानांकडे गेलो. ते घास कापत होते. सगळे पाणी आता गिरणीच परत वापरणार, हे मी त्यांना सांगितले.

"म्हंजे बठ्ठं पानी तुम्हीच पी जाशात?"

"विहिरी साफ व्हतीन, नाना."

"आन मना घास?"

मी हिशेबाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"तुले शिकाडं मी, आन तू मनाच नाला बुजाले निंघना!" ते हसले, पण हातातला विळा थांबला होता.

तेवढ्यात मामींनी बांधाजवळच्या घराच्या दारातून ऐकवले, "नाला तुमना, पन पानीना हंडा तं मी वाहस ना!"

नाना पुन्हा घास कापू लागले आणि दुसऱ्या दिवशी मी हिशेब साहेबांना दिला. काम मंजूर झाले त्या दिवशी मी त्यांना पत्र घातले:

"तीर्थस्वरूप नाना, साष्टांग नमस्कार. हौदाचे काम लवकरच सुरू होईल. तुमच्यासाठी पाणी सोडावे म्हणून मी साहेबांकडे पुन्हा पुन्हा शब्द टाकला. हौद धुण्याआधी उरलेले निवळ पाणी तेवढे शेताकडे सोडायला ते तयार झाले आहेत. त्यावर एक वाफा जगेल. बाकीचा घास जगणार नाही, खोटी आशा लावत नाही. विहीर निवळायलाही एकदोन पावसाळे जातील, तोवर मामींना लांबूनच पाणी आणावे लागेल. मी रविवारी येतो. कुठला वाफा ठेवायचा ते तुम्ही ठरवा. बाकीचे आपण दोघे मिळून मोडू."